हेडलाइटच्या जोडातलं मीठ

नाना, आज नातवाच्या मोटरसायकलचं इंडिकेटर बंद पडलं म्हणून त्याच्यासोबत मिस्त्रीकडे गेलो होतो. मिस्त्रीनं सॉकेट ओढून काढलं, तर पिनांवर हिरवी भुकटी. "दादाजी, धुलाई का पानी अंदर रह गया," तो म्हणाला. नातू हसला, "आजोबा, इतकं काय बघताय? कविता सुचली का?" सुचली नव्हती. तुम्ही आठवलात.

रविवारची सकाळ. आपल्या ओट्यावर तुम्ही मांडी घालून बसला आहात. कागद मिलमधले वायरमन, रोज मोटरसायकलनं ड्यूटीला जाणारे. वायर तुम्ही कधी ओढत नव्हतात. पिनेचं डोकं धरून जोड सोडवायचात, बारीक पॉलिशपेपरनं घासायचात, पेट्रोलच्या फडक्यानं पुसून वाळू द्यायचात, मग करंगळीनं व्हॅसलीनचा पातळ हात, आणि वरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा. गल्लीतली माणसं आपापल्या गाड्या घेऊन थांबलेली असायची. मी तेव्हा नुकताच मास्तर झालेलो, शाळेतल्या कविता मुलांपेक्षा मलाच जास्त पाठ. गुणगुणत तुमच्याकडे बघायचो आणि मनात म्हणायचो, किती रुक्ष काम!

एका रविवारी तुमची कंबर धरली. खाटेवरून म्हणालात, "मास्तर, आज हेडलाइटचे जोड तेवढे तू कर." मी बसलो, पण पॉलिशपेपरनं काळं लवकर निघेना. आत आई देवाची तांब्याची भांडी चिंच-मिठानं घासत होती. मी तिच्याकडून चिमूटभर लगदा मागितला. "गाडीले चिंच? लोणचं घालतोस का काय?" ती म्हणाली. पण पिना अशा उजळल्या की मला उपमा सुचायला लागल्या. तुम्ही खाटेवरून मान उंचावून बघितलंत. "अरे वा! माझ्याहून बरा हात आहे तुझा. पेट्रोलनं पुसलंस ना?"

"हो, नाना."

ओल्या चिंधीनं नुसत्या टिपल्या होत्या. त्या तशाच ओलसर, खारट पिनांवर मी व्हॅसलीन चोपडली आणि ट्यूब चढवली. म्हणजे मीठ आत कोंडून ठेवलं.

दीड-दोन महिने गेले. एकदा ड्यूटीवरून येताना अंधारून आलं आणि नेमका वळणावर लाइट गेला. तुम्ही खडीच्या ढिगावर आदळलात, उजवं मनगट मोडलं. मिस्त्री घरी आला, जोड उघडला. त्यानं हिरवी भुकटी जिभेला लावली आणि थुंकला. "मास्टरजी, इसमें नमक किसने डाला?" मी ओठांवर बोट ठेवलं. आतून प्लॅस्टरचा हात उशीवर टेकवून तुम्ही विचारलंत, "काय निघालं रे?"

"पाणी शिरलंय," मी म्हणालो.

"मग माझंच चुकलं. कंबर सुटल्यावर एकदा उघडून बघायला हवं होतं मी."

मनगट जुळलं, नाना. पण त्यानंतर कुणी गाडी घेऊन आलं की तुम्ही म्हणायचात, "मिस्त्रीकडे ने बाबा, माझ्या हाताचा आता भरवसा नाही." व्हॅसलीनची डबी तुम्ही आईला टाचांच्या भेगांसाठी देऊन टाकलीत. रविवारी ओट्यावर पेपर वाचत बसायचात, एकच पान तासभर. मी आत बसून ऐकायचो, पान उलटल्याचा आवाज यायचा नाही. एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. तुमच्या दहाव्याला शेजारचे काका म्हणाले, "नानांचा हात जन्मात एकदाच चुकला." मी मान डोलावली. आणि पुढं कितीतरी वर्षं वर्गात खरं बोलण्यावरच्या कविता चालीत म्हणून घेतल्या.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, माझ्यापाशीच राहील. याआधीचा एक फाडला. त्यात लिहिलं होतं की पेट्रोलनं पुसायला विसरलो. विसरलो नव्हतो. पेट्रोलचा वास बोटांना दिवसभर राहतो, आणि त्या संध्याकाळी मला शाळेत चार लोकांसमोर कविता वाचायच्या होत्या.