कौशल्याबाईंची शिकवणी

महाल, नागपूर
ता. २० जून १९७३

तीर्थस्वरूप मनोहररावभाऊ यांना रुपरावचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (जावयानं साळ्याला आधी नमस्कार करायची आपल्याकडे रीत नाही, पण तुम्ही वयानं मोठे, आणि मी सध्या अडचणीत.) तुमचा गुडघा काय म्हणतो? एरंडाचं पान बांधत राहा आणि संत्र्याच्या बागेत वाकून काम करू नका. वहिनींना नमस्कार. घरात सध्या जी जी मंडळी असतील त्यांनाही यथायोग्य. मी खुशाल आहे, म्हणजे जेवतो आणि झोपतो. जेवण स्वतःच रांधतो, त्यामुळे झोप लवकर लागते.

मी बँड का सोडला याबद्दल तुमच्या काटोलात नाना कथा फिरतात असं ऐकलं. खरी हकीकत अशी. इतवारीतल्या एका वरातीत नवऱ्याचे मामा माझ्यापुढे नागासारखे डोलत उलट्या पावलांनी मागे येत होते. मामा म्हणजे सव्वादोन मणांचं प्रकरण. मी डोळे मिटून कॉर्नेटचा वरचा सूर धरला होता. (कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटची बुटकी बहीण. मी बावीस वर्षं तिच्याशी इमान राखलं, हे इंदूच्या भावाला सांगायला हरकत नाही.) मामांची पाठ कॉर्नेटच्या तोंडावर आदळली आणि कॉर्नेट माझ्या तोंडात शिरली. वरचे दोन दात गेले. मी रस्त्यावर दात शोधतोय आणि मामा म्हणतात, "वाजवा ना जी, थांबले काहून?" पुढे कवळी बसवली. पण एका मुंजीत वरचा सूर लावला तो सुरामागोमाग दातही निघाले आणि बटूच्या झोळीत पडले. आमच्या बँडचे मालक रामाजी मास्तर मनानं चांगले. त्यांनी मला काढलं नाही, हातात झांजा दिल्या. बावीस वर्षं पुढे चालून कॉर्नेट वाजवलेल्या माणसानं मागे राहून झांजा कुटायच्या? मी त्या खाली ठेवल्या आणि घरी आलो.

फुंकता येत नसलं तरी फुंकायचं कसं ते सांगता येतं, म्हणून शिकवण्या घ्यायचं ठरवलं. पेंटरला सांगितलं, "येथे कॉर्नेट व ट्रम्पेट फुंकायला शिकवले जाईल" अशी पाटी कर. पाटी लहान निघाली, म्हणून त्यानं आपल्या अकलेनं "येथे फुंकले जाईल" एवढंच लिहिलं. मग काय विचारता! कावीळवाले आले, विंचू चावलेले आले, एक बाई तर दूध आटलेली म्हैस घेऊन आली. इंदू म्हणाली, "झाडफूकच सुरू करा तुमी. लोक तं येऊनच राहिले."

अशा दिवसांत, एप्रिलच्या एका सकाळी, कृष्णकांतराव आले. धंतोलीत राहणारे, कोर्टातून निवृत्त झालेले शिरस्तेदार. वय पंच्याहत्तर, अंगात कोट, हातात छत्री. सगळे त्यांना दादासाहेब म्हणत.

"माणसांना कॉर्नेट शिकवता ना?" त्यांनी विचारलं.

"हो जी."

"घरी येऊन?"

"येतो ना. कोणाले शिकवाचं हाय?"

"आमच्या मंडळींना. दुपारी दोनला या."

नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी दोनला कावळासुद्धा बाहेर पडत नाही. पण पहिलीच शिकवणी, म्हणून डोक्याला दुपट्टा बांधून सायकल हाणली. मधल्या खोलीत पाणी मारलेली खसची ताटी लावलेली, अंधारलेलं, गार. एका खुर्चीवर घडी केलेली शाल आणि तिच्यावर कोरी करकरीत कॉर्नेट. समोर माझ्यासाठी स्टूल.

"बाई बाहेर गेल्यात का?" मी विचारलं.

"हो," दादासाहेब म्हणाले, "दोन वर्षं झाली. तुम्ही सुरू करा." आणि छत्री घेऊन निघून गेले.

भाऊ, मी उठून जायला हवं होतं. पण म्हाताऱ्याचा चेहरा असा होता की माझ्यानं उठवेना. मी रिकाम्या खुर्चीला नमस्कार केला आणि श्वास पोटातून कसा घ्यायचा ते समजावलं. ओठ कसे आवळायचे ते कवळी काढून दाखवलं. (मेलेल्या बाईसमोर कसली लाज, असं वाटलं, तरी पाठ फिरवूनच काढली.) असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी मी सवयीनं म्हणालो, "बाई, आता सा लावा," आणि माठातलं पाणी घ्यायला वळलो. पाठीमागे सा लागला. फार वाईट. चिखलात रुतलेलं वासरू हंबरावं तसा. मी न वळताच म्हणालो, "वर घ्या, अजून थोडा वर," आणि सूर वर आला, बरोबर जागेवर टेकला. तेव्हा कुठे माझ्या हातातला गडू खाली पडला.

वळून पाहिलं तर खुर्ची, शाल, कॉर्नेट, सगळं जिथल्या तिथे. जवळ जाऊन कॉर्नेट उचलली. तोंडाची बाजू कोमट होती. खालची कळ दाबली तर आतून चार थेंब पाणी फरशीवर गळलं. हे पाणी माणसाच्या श्वासाचं असतं, भाऊ. ते दुसरीकडून कुठून येत नाही.

पळून का गेलो नाही, हे इंदूनंही विचारलं. खरं सांगतो, बावीस वर्षांत वर घे म्हटल्यावर वर घेणारं माणूस मला भेटलं नव्हतं. महिन्याभरात बाईंचे सातही सूर स्वच्छ झाले. दादासाहेबांच्या शेजारच्या कंपाउंडरनं भिंतीपलीकडून ऐकून स्वतःचं नाव नोंदवलं, त्याच्यामागे त्याचे दोन साडू आले, आणि बघता बघता माझ्याकडे आठ विद्यार्थी झाले. (जिवंत विद्यार्थ्यांत अजून एकालाही सा सापडलेला नाही.)

पण एक गोष्ट होती. दादासाहेब घरात असले की कॉर्नेट मुकी. स्वयंपाकघरात दडून बसले तरी मुकी. म्हणून ते भर उन्हात छत्री घेऊन रस्त्याच्या टोकाला उभे राहायचे आणि तीन वाजता परत येऊन विचारायचे, "आज वाजवलं?" मी म्हणायचो, "हो जी, मध्यम थोडा हलते." ते हसायचे, आणि मग हसू विझायचं.

मे संपत आला तेव्हा मला राहवेना. "दादासाहेब, बाई तुमच्यासमोर काहून नाही वाजवत?"

त्यांनी छत्री कोपऱ्यात उभी केली. मग म्हणाले, "रस्त्यावरून बँड गेला की कौशल्या परातीतली कणीक टाकून गॅलरीत धावायची. एकदा म्हणाली, मला हे शिकायचंय. मी हसलो. चारचौघांत सांगूनही हसवलं. त्यानंतर बँड आला की ती खिडकी लावून घ्यायची. बेचाळीस वर्षं."

"मंग हे तिले सांगा," मी म्हणालो. "मले सांगून काय फायदा?"

त्या दिवशी ते बाहेर गेले नाहीत. खुर्चीसमोर माझ्या स्टुलावर बसले, टोपी काढली. "कौशल्या, मी हसलो होतो. हसायला नको होतं," एवढंच बोलले. ताटीवरून पाणी ठिबकत होतं. मग माझ्या डोळ्यांदेखत कॉर्नेटचे खटके एकेक करून खाली गेले, वर आले, आणि एक संथ, जुनी चाल सुरू झाली. ती मी शिकवलेली नव्हती. मला ती येतही नाही. दादासाहेबांनी माझं मनगट धरलं. "आमच्या वरातीत वाजली होती ही. कामठीचा बँड होता," ते म्हणाले, आणि चाल संपेपर्यंत लहान मुलासारखे रडले.

आठ दिवसांनी दादासाहेब दुपारच्या झोपेतच गेले. त्यांच्या पुतण्यानं घर बंद केलं आणि "काकांची इच्छा" म्हणून कॉर्नेट माझ्या हवाली केली. ती मी आमच्या मधल्या खोलीत, खुर्चीवर, शालीसकट ठेवली आहे. बाकी सर्व ठीक. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही टिकावा.

तुमचा,
रुपराव

ता. क. – इंदू गेल्या मंगळवारी तुमच्याकडे निघून आली आहे. जाताना म्हणाली, "त्या घरात दुपारी वाजते, मी नाही राहत." तुमचा शब्द ती मोडत नाही. तिला सांगा की आवाज आमच्याकडे सरावाला येणाऱ्या कंपाउंडरचा आहे, आणि रविवारच्या मोटारीनं पाठवून द्या. पोळ्या मला जमत नाहीत.

पुन्हा ता. क. – ती म्हणेल, कंपाउंडर एकटा, मग आवाज दोन कसे? कॉर्नेटसोबत कोणीतरी टाळ्यांनी ताल धरतं, हे तिनं माझ्याआधी ओळखलं. तुम्ही ठामपणे सांगा की भास आहे. माझ्यावर विश्वास ठेवा, आता घाबरण्यासारखं काही उरलेलं नाही. दादासाहेब तिसऱ्या मात्रेला अजून चुकतात, पण बाई त्यांच्यासाठी थांबतात.