यंत्राला ओळख लागते

सोमवार, ४ तारीख

नवं गाव, नवी नोकरी, नवी वही. आज वाचनालयात रुजू झालो. वरच्या मजल्यावरची खोली मला मिळाली आहे. मोठी खिडकी, लांब टेबल, एक संगणक, एक सपाट काचेचा स्कॅनर आणि भिंतभर खोकी. खोक्यांत गावातल्या माणसांचे जुने फोटो आहेत. ते स्कॅन करायचे आणि प्रत्येकाखाली नाव लिहायचं, एवढंच काम. मी तर म्हणतो, याहून मोठं काम नाही! राजांचे चेहरे नाण्यांवर असतात, पुतळ्यांवर असतात. शिंप्याचा, सुईणीचा, टपालवाल्याचा चेहरा कोण जपतं? हे सगळं मी ग्रंथपालबाईंना उभ्या उभ्याच ऐकवलं. त्या म्हणाल्या की भाषण फर्मास आहे, पण तुमचे श्रोते सगळे खोक्यात बसलेत. बाई आवडल्या.

अभिमानाची गोष्ट ही, आणि ती मी बाईंनाही मोठ्याने सांगितली, की ही जागा मला ओळखीने मिळालेली नाही. ना वशिला, ना कुणाची चिठ्ठी. ज्या रोगावर आयुष्यभर व्यासपीठावरून तुटून पडलो, तो अंगाला न लावून घेता भाकरी मिळवतो आहे.

घरही चांगलं आहे. खाली मालकीणबाई, वर आम्ही दोघं. छोटीने त्यांना सामान उतरायच्या आतच मावशी करून टाकलं. सहा वर्षांची पोर, पण माणसं जोडण्यात बापाच्या चार पावलं पुढे. तिची आई गेल्यापासून तिला मी आणि मला ती. दोघांना दोघं पुरतो.

मंगळवार, ५ तारीख

स्कॅनर चालत नाही. संगणकावर एकच वाक्य येतं: ‘उपकरण ओळखता आले नाही.’

वायर काढून पुन्हा लावली. संगणकाच्या मागच्या खाचेत लावून पाहिली. बाईंच्या टेबलावरून दुसरी वायर आणली. संगणक बंद करून चालू केला. स्कॅनरचं सॉफ्टवेअर काढून नव्याने टाकलं. मग यंत्र उलटं करून तळाचं कुलूप पाहिलं. ने-आण करताना आतला दिवा हलू नये म्हणून तिथे एक खटका असतो, आणि तो लागलेला असेल तर यंत्र अडून बसतं. तो उघडाच होता. शेवटी स्कॅनर उचलून खाली बाईंच्या संगणकाला जोडला, तर तिथेही तेच. दिवा लागतो, मोटर गुणगुणते, म्हणजे यंत्रात जीव आहे. फक्त ओळख देत नाही.

या खोलीला एक जुने मदतनीस आहेत. अख्खं वाचनालय त्यांना मामा म्हणतं, आणि लोकांना मामा बनवण्यात ते पटाईत दिसतात. माझी खटपट दाराशी टेकून बघत होते. वर म्हणाले, अहो साहेब, ओळखीशिवाय कुणाचं काम झालंय का इथे? यंत्रालाही ओळख लागते.

टोमणा होता. माझी सोमवारची बढाई त्यांच्या कानावर गेलेली दिसते.

गुरुवार, ७ तारीख

चाललं! पण कसं, ते पटत नाही.

मामांनी एका खोक्यातून एक फोटो काढून दिला. म्हणाले, आधी हा काचेवर पालथा ठेवा, झाकण लावा, मग वायर लावा. उलट क्रम नको. असल्या क्रमाला काही शास्त्र नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. तरी करून पाहिलं. वायर लावताच संगणकाने आवाज दिला, झाकणाखालून दिवा सरकत गेला, चित्र उमटलं. जाड मिशा, गोल चष्मा, जरा हसरी हनुवटी. बाई तेवढ्यात वर आल्या आणि पडदा बघून थबकल्याच. अगंबाई, बाबा! म्हणाल्या. हेच वाचनालय चालवायचे ते. जिन्यावर त्यांची पावलं वाजली की आम्ही भावंडं भांडण अर्ध्यात सोडून पुस्तकात तोंड खुपसायचो. आता भावंडं गेली, त्यांना ओळखणारी मीच काय ती उरले, म्हणाल्या. डोळे पुसले आणि हसल्या.

त्यानंतर दिवसभर यंत्राने कुरकुर केली नाही.

शुक्रवार, ८ तारीख

फोटोखाली लिहायला म्हणून बाईंना वडिलांचं पूर्ण नाव विचारलं. त्यांनी फोटो हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि मलाच विचारलं, कोण हे?

मला चेष्टा वाटली. मी म्हणालो, बाई, काल तुम्हीच रडलात. त्या जराशा रागावल्या. म्हणाल्या की या गृहस्थांना मी जन्मात पाहिलेलं नाही, आणि कुणाच्याही फोटोपुढे रडायला मला कामं कमी नाहीत.

खोटं बोलणाऱ्या माणसाचे डोळे मी ओळखतो. सभा उधळायला आलेली माणसं मी मंचावरून हेरली आहेत. बाईंच्या डोळ्यांत खोटं नव्हतं. काहीच नव्हतं.

काल मी संगणकात ‘ग्रंथपालबाईंचे वडील’ असं लिहून ठेवलं होतं. आज तिथे ‘अनोळखी’ असं आहे. खोलीची दुसरी किल्ली मामांकडे असते.

आणि हे आधी कसं दिसलं नाही? खोक्यांमागून खोकी ‘अनोळखी’ फोटोंची! ज्या गावात एकाला शिंक आली तर दुसरा रुमाल घेऊन येतो, तिथे इतकी माणसं अनोळखी कशी? सगळ्या कर्मचाऱ्यांचा एक फोटो जिन्यात लावला आहे. त्यात मामांनी नेमका तोंडापुढे हात धरला आहे.

सोमवार, ११ तारीख

पुन्हा तीच पाटी. ‘उपकरण ओळखता आले नाही.’ आणि मामा नवा फोटो हातात घेऊन तयार.

मी दार लावून घेतलं आणि खडसावून विचारलं. त्यांनी चहात साखर किती, हे सांगावं तशा सुरात सांगितलं. यंत्राला एक चेहरा द्यायचा. मग वायर जितक्यांदा लावाल, तितक्यांदा तो चेहरा ओळखणारं एकेक माणूस कमी होतं, कधी लगेच, कधी रात्रीतून. सगळी संपली की यंत्र अडतं. बाईंच्या वडिलांना एकट्या बाईच उरल्या होत्या, म्हणून एकाच खेपेत संपलं. मी विचारलं, हे माहीत असून तुम्ही फोटो देता? तर म्हणाले, काम तर चाललं पाहिजे ना साहेब? आणि मेलेल्याचं काय जातं?

मी जो कडाडलो, तो खालपर्यंत ऐकू गेला असेल. वाचनालयात, पुस्तकांच्या घरात, हे भुताखेतांचं थोतांड! आणि यामागचं कारणही मी ओळखून आहे. बाई परवा बोलून गेल्या होत्या की या जागेवर मामांना आपला भाचा चिकटवायचा होता. मला घाबरवून पळवायचं, संगणकातली नावं पुसायची, म्हणजे भाच्याची वाट मोकळी. मी पळणारा माणूस नाही! त्यांच्या देखत माझं ओळखपत्र खिशातून काढलं, चेहरा काचेकडे करून ठेवलं, झाकण आपटलं आणि वायर लावली.

दिवा सरकला. माझा चेहरा उमटला. लख्ख.

मामा एवढंच म्हणाले, जिवंत माणसाचा आजवर कुणी ठेवला नव्हता.

मंगळवार, १२ तारीख

सकाळी जिन्यात ग्रंथपालबाईंनी अडवलं. कोण पाहिजे तुम्हाला? अगदी नम्रपणे. मी हसलो. त्या हसल्या नाहीत. मी ओळखपत्र पुढे केलं. त्यांनी फोटो पाहिला, मला पाहिलं आणि म्हणाल्या, हे तुम्ही नव्हेत.

कट आहे. दोघं मिळून — पण शुक्रवारचे ते डोळे. आजही तेच डोळे.

वर धावलो, वायर उपटली. संगणकातलं माझं चित्र पुसलं. पडदा बंद करून चालू केला तर ते होतं तिथेच. पुन्हा पुसलं. पुन्हा होतं.

मामा दारात होते. म्हणाले, मी ओळखतो तुम्हाला साहेब. अजून. मी म्हणालो, मला हजारो लोक ओळखतात, माझ्या सभांना मैदानं अपुरी पडायची, तुमचं यंत्र म्हातारं होईल! त्यांनी मान हलवली. टाळ्या वाजवणाऱ्यांची ओळख त्याला चालत नाही. जवळची लागते. रोज तोंड बघणाऱ्यांची.

माझ्या डोळ्यांपुढे एकच तोंड आलं.

मग त्यांनी सुटकेचा मार्ग सांगितला. दुसऱ्या कुणाचा चेहरा काचेवर ठेवा, यंत्र तुमचा सोडेल. त्यांच्या हातात अकाली गेलेल्या एका तरुण पोराचा फोटो तयारच होता. दात दाखवून हसणारा. म्हणाले, याचे आईबाप, भावंडं, मित्र याच गावात आहेत, भरपूर चालेल.

मी तो ठेवला नाही. दुसऱ्याची ओळख लावून स्वतःचं काम करून घ्यायचं — यालाच तर वशिला म्हणतात. नाही म्हणजे नाही.

वायर, आणि बाईंच्या टेबलावरची ती दुसरीही, घरी घेऊन आलो आहे. वायरच नाही, तर लावतील काय?

बुधवार, १३ तारीख

वायरी बाजारात मिळतात. हे मला कालच सुचायला हवं होतं.

माझ्या खुर्चीत भाचा बसला आहे. बाईंच्या लेखी जागा रिकामीच होती. त्यांनी भरली. पोरगा हसतमुख आहे, नव्या नोकरीचा आनंद तोंडावर मावत नाही. मामांना म्हटलं, हे थांबवा. मामांनी डोळे बारीक केले. कोण आपण? कुणाकडे काम आहे?

सोंग नव्हतं ते. मामाही गेले.

भाचा म्हणत होता, ही नवी वायर सैल बसते, सारखी निसटते. आणि माझ्यासमोर त्याने ती काढून पुन्हा — मी झडप घातली. चौघांनी मला जिन्यातून खाली उतरवलं. वेडा आहे, कुणीतरी म्हणालं. कुणाच्या ओळखीचा आहे का? सगळ्यांनी माना हलवल्या.

घरी आलो तर मालकीणबाईंनी दार अडवलं. कुणाकडे आलात? वर लहान मूल एकटं आहे, असं कुणालाही सोडणार नाही मी. इतक्यात बाबा, बाबा करत छोटी जिन्यावरून — तिच्यामुळे आत घेतलं. पण मावशी तिला बाजूला घेऊन कुजबुजल्या. ऐकलं मी. खरंच तुझे बाबा आहेत का गं?

आता एकच उरली.

त्या पोराचा फोटो काल हातात होता. काल नाही म्हणालो. आज कुणी दिला असता तर — आज मी —

परत गेलो. आत सोडत नाहीत.

गुरुवार, १४ तारीख

बसस्थानक. छोटीला घेऊन निघालो आहे. कुठेही. लांब. बस अजून लागलेली नाही. तिथे वाचनालय उघडलं असेल.

अंतराने काही फरक पडतो का, ते मामांना विचारलं नव्हतं. आता कुणाला विचारू?

छोटी बोलते आहे. तिला बोलतं ठेवायचं आणि लिहीत राहायचं. बाबा, त्या बसला डोळे आहेत. बाबा, मावशीला न सांगता का निघालो? बाबा, तुम्ही शाळेतल्यासारखं इतकं भरभर काय लिहिता? बाबा, हात दुखेल. मी म्हणालो, पुन्हा म्हण. काय? बाबा म्हण. ती हसली. बाबा बाबा बाबा. बाकावरची बाई पण हसली. म्हणाली, लेकीचा जीव आहे हो बापावर.

होय. आहे. हे इथे लिहून ठेवतो. या बाईने ऐकलं आहे.

बस आली. आमची नाही. बाबा, भूक लागली. बाबा, आपण खिडकीत बसू या —

थांबली. मधेच.

माझ्याकडे बघते आहे. माझ्या हाताकडे, ज्यात तिचा हात —

तिने विचारलं, अगदी हळू, शहाण्या मुलीसारखं. तिला मीच शिकवलं आहे, परक्या माणसाशी नीट बोलायचं —

बाई उठून उभी राहिली. माणसं जमली आहेत. मी सांगतो आहे, माझी मुलगी आहे, विचारा तिला, तिलाच विचारा —

विचारलं. ती रडत नाही. मान हलवते. म्हणते, काका, माझा हात सो