अमेयच्या नावाने

सोडाला, जयपूर

ती. उत्कर्षाताई,

साताऱ्याकडे तोंड करून धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? आमच्याकडे सगळं ठीक (म्हणजे हे सकाळ-संध्याकाळ कचोरी खातात आणि पित्त झालं की माझ्या भाजीला नावं ठेवतात). फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मध्येच हसतेस आणि ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. माझी घोर फसवणूक झाली आहे.

आमचा अमेय जयपुरातच जन्मला, वाढला. त्याचं मराठी म्हणजे दोन शब्द मराठी आणि तिसरा ‘मतलब’. लग्नाच्या ॲपवर त्याला अजमेरच्या रेल्वेतल्या पंडितांची मुलगी तनया आवडली, पण तिने ठळक लिहिलेलं, मुलाला उत्तम मराठी यायलाच हवं. झालं! यांनी हात वर केले आणि अमेयने ते ॲप माझ्या फोनवर घालून दिलं. आता आईने मुलासाठी चार ओळी लिहिल्या तर त्यात काय बिघडलं? तुझ्या लग्नाची सगळी बोलणी आईनेच केली, तू तर दाराआडच उभी होतीस (आणि भावजींचे फक्त बूट पाहिलेस).

चार ओळींचे चार महिने झाले. काय ती मुलगी, ताई! वय सव्वीस, पण लिंबाच्या लोणच्याला बुरशी का येते यावर लांबलचक लिहायची. संकष्टीचा उपास हल्ली सोसत नाही म्हणायची. मला वाटायचं, काय हे संस्कार! मग मीही सुटले. घरी कोण कोण असतं, असं तिने विचारलं. मी लिहिलं, माझी आई फार गुणी आहे, पण दुपारी तिच्याशी बोलायला कुणी नसतं. तिने लिहिलं, माझ्या आईचंही तसंच, सगळे घरात असतात आणि सगळे मोबाइलमध्ये. खोटं कशाला सांगू, त्या दुपारी मी रडले. तीन वाजले की चहा घेऊन फोनपाशी बसायचे.

मग गेल्या रविवारी सी-स्कीममधल्या एका कॅफेत भेट ठरली. ‘नमस्कार, प्रवास, मतलब, कसा झाला’ एवढं म्हणेपर्यंत अमेयने दोनदा घाम पुसला. ती म्हणाली, ‘जी, अच्छा... चांगला.’ मी तिला लोणच्याचं विचारलं. ती आईकडे बघायला लागली. आई कॉफीत बघायला लागली. अगं, चार महिने मी जिच्याशी बोलले ती ही तनयाची आई, प्रणिताबाई, केस माझ्याइतकेच पिकलेली! मुलं पोट धरधरून हसली आणि हिंदीत गप्पा मारत दुसऱ्या टेबलावर गेली. कचोरी मिळत नाही म्हणून हे आधीच रुसलेले. म्हणाले, म्हणजे चार महिने तुम्हा दोघींचंच जमत होतं तर.

मी काही तिला सोडलं नाही. मुलीच्या नावाने लिहायला लाज वाटत नाही का, असं चारचौघांत विचारलं. (तिलाही मला तेच विचारता आलं असतं, पण मी आधी विचारलं.) तिने पर्स उचलली, मुलीला हाक मारली आणि गेली. रोज तासभर बोलणारी मी, समोरासमोर तिच्याशी धड एवढंच बोलले. म्हणून सांगते, या फोनवरच्या नात्यांत काही दम नसतो. माणूस समोर बसल्याशिवाय कळत नाही. तुझ्या नातीला, प्रज्ञाला, आजच बजाव.

तुझी भोळी, फसलेली
विभा

ता. क. अमेय म्हणतो, तनया चांगली आहे, पण मतलब, तसं काही वाटलं नाही. या रविवारी तो ॲपवरचं खातं बंद करणार आहे. माझं ऐकत नाही, पण मावशीचं ऐकतो. एवढी घाई नको, महिनाभर असू दे, असं त्याला सांग.

ता. क. २. लग्न जमवायचं नाहीये गं. प्रणिताबाईंचा नंबर माझ्याकडे नाही, आणि असता तरी स्वतःच्या नावाने माफी मागायला माझी जीभ रेटली नसती. अमेयच्या नावाने बरोबर जमेल. लिहीन, माझी आई चुकली, पण ती अजून रोज तीन वाजता तुमची वाट बघते.