पाचव्या महिन्यातली घागर

लातूर, १२ एप्रिल १९८७

प्रिय पंचफुलाअक्का,

नायगावला तुमच्या भावाकडंही पाण्याचे हाल आहेत म्हणे. इथं नवा जिल्हा झाला, ह्यांना कचेरीत नोकरी लागली, पण टँकर अजून चार दिवसांनीच येतो.

तान्ह्या शेवंताचं डोकं वाढतंय, हे माझ्याआधी तुम्हीच ओळखलंत. इथल्या डॉक्टरांनी खोलीत अंधार करून तिच्या डोक्याला बॅटरी लावली, तर सगळं डोकं आतून तांबूस उजळलं. मला ते सुंदर वाटलं होतं, अक्का. डॉक्टरांनी मात्र लगेच मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली. मग हैदराबादला नव्या यंत्रात डोक्याचे फोटो काढले. मेंदूच्या जागी नुसतं पाणी. रडणं, गिळणं चालवणारा खालचा देठ तेवढा शाबूत. पोटात असताना, पाचव्या महिन्याच्या सुमाराला, मेंदूचं रक्त थांबलं असावं, वर्ष काढणं अवघड, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

ह्यांनी घरी येऊन पाचवा महिना म्हणायचा अवकाश, सासूबाई तुमच्यावर कडाडल्या, "पाचव्यातच हिनं पोटुशीला टँकरवर धाडलं, घागरीसकट पडली ती! सोताला लेकरू न्हाई, दुसरीचं बघवंना!" तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मी शेवंताला पाजत होते, मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही ट्रंक घेऊन माहेरी गेलात.

मी पडले त्या दिवशी तुम्ही तापानं फणफणला होतात. घागर मीच आपणहून उचलली होती. आणि हैदराबादला मी डॉक्टरांना विचारलंही होतं, मी पडले त्यानं झालं का? ते म्हणाले, "एवढ्यानं असं होत नाही, बाई. यात कुणाचाच दोष नाही." हे ठाऊक असून मी गप्प बसले. तुमच्यावरचं बोट माझ्याकडं वळेल, याची भीती वाटली.

शेवंता परवा सकाळी गेली. दूध पिता पिता थांबली. सासूबाई म्हणाल्या, पंचफुलाला कळवायचं न्हाई. तेव्हा मात्र सगळ्यांसमोर मी खरं सांगून टाकलं. सासूबाई भिंतीकडं तोंड करून बसल्या. तुमच्या ह्यांनी, ग्यानोबा भावजींनी, नायगावच्या एस.टी.ची वेळ विचारली. हे पत्र तेच घेऊन येत आहेत. त्यांच्यासोबत यायचं की नाही, तुम्ही ठरवा. माझ्यासाठी येऊ नका. माफी मागायला हात धजत नाही. पण शेवंता तुमच्याही मांडीवर निजली होती. तिच्यासाठी रडायचा तुमचाही हक्क आहे, म्हणून लिहिलं.

तुमचीच धाकटी जाऊ,
सिंधु