कागदावरची कोरी ओळ

पन्नल, १८ मे १९९८

चि. तिलक मल्लीस, माझ्या पाठच्या भावास, अक्काचे अ. उ. आ.

तुझे पत्र वेसाकच्या, वैशाख पौर्णिमेच्या कंदिलांच्या गडबडीत आले, म्हणून उत्तराला उशीर. इकडे सगळे ठीक. अम्माचा गुडघा मात्र तिच्यासारखाच हट्टी झाला आहे. तरी पुढच्या महिन्यात पोसोन पौर्णिमेला ती गावच्या बसने अनुराधपूरला निघणारच आहे, आणि नंतर तीनेक आठवडे तुझ्याकडे राहणार आहे. कोवळ्या फणसाची भाजी मिळाली की ती कशालाच नावे ठेवत नाही, एवढे तुझ्या बायकोला सांगून ठेव.

आता मुद्द्याचे. आपला सर्वांत धाकटा भाऊ नंदसेन सैन्यात असताना उत्तरेतल्या लढाईत बेपत्ता झाला, त्याला सहा वर्षे झाली. अम्मा अजून दर पौर्णिमेला त्याच्या आयुष्यासाठी बोधिवृक्षाला पाणी घालते आणि नव्या वर्षाला त्याची पत्रिका ज्योतिषाकडे नेते. तो शहाणा दर वेळी शनी आणखी एक वर्ष पुढे ढकलतो. घरी भंतेंना दान दिले, की पुण्य कोणाकोणाला द्यायचे त्या कागदावर वडील म्हणून तात्तांचे नाव असते, आजीचे असते, नंदसेनचे कधीच नाही. लिहू म्हटले, की जिवंत माणसाला मेलेल्यांच्या पंगतीत बसवतेस का, म्हणून अम्मा माझ्यावर डाफरते. पण मल्ली, तो खरेच गेला असेल तर? सहा वर्षे कुठे तरी उपाशी ताटकळत असेल, आणि आपण त्याच्या देखत बाकीच्यांना वाढतो आहोत. मला हे सहन होत नाही.

तात्तांच्या तिथीचे दान यंदा तू तिकडे करणार आहेस. त्या कागदावर नंदसेनचे नाव लिही. परक्या विहाराच्या भंतेंपुढे ती भांडायची नाही. एकदा कानांनी ऐकले, की मनही हळूहळू ऐकेल.

पत्र पाठव. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
सोमावती अक्का


अनुराधपूर, १४ जून १९९८

ती. अक्कास सा. न. वि. वि.

लहानपणी आंबे तू पाडायचीस आणि मार मी खायचो, ते अजून चालूच आहे.

अम्मा आली ती मजेत होती. पोसोनला आठ शीलांचे व्रत घेऊन, पांढरी साडी नेसून दिवसभर बोधीजवळ बसली. इथली आठही पवित्र स्थाने पायी केली, गुडघ्याचे नाव काढले नाही. बुद्धाच्या मूर्तीला पाठ करून फोटो काढणाऱ्या एका परदेशी जोडप्याला तिने आपल्या भाषेत असे झापले, की दोघेही हात जोडून उभे राहिले. मग त्यांना तिने केळी दिली.

काल दान झाले. नंदसेनचे नाव मी लिहिले, खोडले, पुन्हा नव्या कागदावर लिहिले. जेवणे उरकली. अम्माने पाण्याची झारी धरली, आम्ही तिच्या हाताला हात लावून बसलो. पेल्यात धार पडत होती. भंतेंनी तात्तांचे नाव घेतले, आजीचे घेतले, मग नंदसेनचे. आणि धार थांबली. पेला भरून बाहेर वाहायला हवा, तो अर्धाच राहिला. अम्माने झारी खाली ठेवली, भंतेंना नमस्कार केला आणि मागे जाऊन भांडी घासायला बसली. पुण्य ना तात्तांना पोचले, ना कोणाला.

संध्याकाळी एकदाच बोलली. म्हणाली, की लढाईने माझे पोर नेले की नाही ते मला ठाऊक नाही, पण आज ते माझ्या घरच्यांनी मारले. तेव्हापासून अबोला आहे. मी काय करू ते लवकर कळव. मला फार वाईट वाटते आहे.

तुझा,
तिलक


पन्नल, १८ जून १९९८

चि. तिलकास अ. उ. आ.

हे पत्र तिला वाचून दाखव. अक्कल माझी होती, हात तेवढा तुझा. अम्मा, शिक्षा करायची ती मला कर.

पण क्षमा मागतानाही खोटे लिहवत नाही. माझे पोर जेवायला बसले, की नंदसेन उपाशी असेल हेच मनात येते. ते जात नाही.

सोमावती


अनुराधपूर, २४ जून १९९८

ती. अक्कास सा. न. वि. वि.

पत्र वाचून दाखवले. ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, की सोमूला सगळ्याचीच घाई, जन्मली तीसुद्धा महिनाभर आधी. त्या दिवशी अम्मा जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी आपण होऊन माझ्याबरोबर कामावर आली. आम्ही जेतवन स्तूपाच्या विटांतले गवत काढतो, ढासळलेल्या जागी नव्या विटा बसवतो, हे तुला माहीत आहे. काम सुरू करण्याआधी आमचे म्हातारे गवंडी किरीहामी पाणी ओततात आणि ज्यांनी या विटा रचल्या त्यांना पुण्य देतात. अम्माने त्यांना विचारले, की नावे कोणाची घेता? ते म्हणाले, की बाई, सतराशे वर्षांपूर्वीच्या गवंड्यांची नावे कोणाच्या बापाला माहीत? मी ओततो, जो असेल तो घेतो. तिने विचारले, की आणि ज्याच्यासाठी ओतले तो तिथे नसलाच तर? ते म्हणाले, की मग शेजारचा पितो, पाणी काही वाया जात नाही.

अम्मा दुपारपर्यंत सावलीत बसून होती. डबा उघडला तेव्हा माझ्याआधी जेवली. पुढचे तीच सांगणार आहे.

लोभाची सवय मोडू नकोस.

तिलक


अनुराधपूर, २८ जून १९९८

चि. सोमूस अम्माचे आशीर्वाद.

तिलक लिहितो आहे, पण राग माझा समज. मला न विचारता केलेस, त्याचे काय ते घरी आल्यावर बघते. पण मीच नंदसेनला उपाशी ठेवले असेल, हे तुझे म्हणणे ऐकल्यापासून घास उतरत नव्हता.

म्हणून आज इथे पुन्हा दान केले. घरीही यापुढे असेच करायचे, नीट ऐक. कागदावर तात्तांचे नाव, आजीचे नाव. नंदसेनचे लिहायचे नाही. त्यांच्याखाली एक ओळ कोरी सोडायची आणि भंतेंना सांगायचे, की इथे जरा थांबा. ज्यांचे काय झाले ते घरच्यांना कळले नाही, त्या सगळ्या पोरांसाठी. आपल्याकडची आणि लढाईत समोर असलेल्यांचीसुद्धा, त्यांनाही आया आहेत. माझा त्यांच्यात असेल तर घेईल. नसेल तर दुसऱ्या कोणाचे तरी पोर जेवेल. आणि पौर्णिमेला बोधीला पाणी मी घालणारच, त्यात तू तोंड घालायचे नाहीस.

आज त्या कोऱ्या ओळीपाशी भंते थांबले, तेव्हा मी कोणाचेच नाव घेतले नाही. धार मात्र तोडली नाही. आणि सोमू, सहा वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांदेखत रडले.

तुझी,
अम्मा