तिनं त्याचं ताट उचललं

माय,

माझं सगळं बदललं ते परवा सकाळी, एका उष्ट्या ताटापाशी. तुझा अख्खा जन्म दुसऱ्यांची ताटं उचलण्यात गेला, त्यात बदलण्यासारखं काय आहे रे, असंच तू म्हणशील. पण तिच्या घरची रीत निराळी आहे.

ती समुद्रापलीकडची. आपल्या लोणारात दोन वर्षांसाठी आली, बायकांना कोंबड्या पाळायला शिकवायला. पगार नाही, नुसता पोटापुरता खर्च मिळतो. मी तेव्हा प्राध्यापकाशी भांडून, कॉलेज अर्ध्यात सोडून घरी बसलो होतो. बाबा बोलत नव्हते. मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं म्हणून तिच्यासोबत खेड्यापाड्यांत दुभाषा म्हणून हिंडायला लागलो. पुढं तिचं मराठी माझ्या इंग्रजीपेक्षा चांगलं झालं, तरी हिंडतच राहिलो. कशासाठी, ते तुला सांगायला नको.

तिच्या मुलखातली पोरं देशोदेशी भटकत असतात. सरोवर पाहायला म्हणून पाठीवर ओझं घेऊन एसटीतून उतरतात, आणि चौकातले लोक न विचारताच बोट दाखवतात, "ते पाहा, कोंबडीवाल्या बाईचं घर." ती कोणालाच परत पाठवत नाही. त्यांच्या आंघोळीचं पाणी मी धारेच्या झऱ्यावरून आणतो. चहावाला रोज हटकतो, "काय बे पाणक्या, आज किती गोरे धुवायचे हायेत?" मी त्याच्या अंगावर धावून जातो आणि मग मुकाट्यानं हंडा भरतो.

तिच्या घरचा नियम एकच, ज्यानं त्यानं आपलं ताट घासायचं. पहिल्या दिवशी मी जेवलो, ताटातच हात धुतला आणि उठलो. तिनं नुसतं मोरीजवळच्या राखेकडे बोट केलं. माय, तू मला कधी वाटीसुद्धा उचलू दिली नाहीस. मी उकिडवा बसून राखेनं ताट घासलं, कान तापले होते, आणि उठलो तेव्हा मी तिचा झालो होतो. तेव्हापासून किती पाहुणे आले नि गेले, तिनं कोणाच्या ताटाला बोट लावलं नाही. माझ्याही नाही.

हा आताचा पाहुणा दोन दिवसांसाठी म्हणून आला, आता महिना होत आला. परवा तो भिंतीला टेकून काही तरी सांगत होता. तिनं त्याचं ताट उचललं, आपल्या ताटावर ठेवलं आणि गुणगुणत मोरीकडे गेली. तो तसाच बोलत राहिला. मी दारात, खांद्यावर हंडा. आपल्या घरात बाईनं ताट उचललं तर कोणी बघतसुद्धा नाही. तिच्या घरात याचा अर्थ काय, हे गावात एकट्या मलाच कळत होतं.

माझं डोकं तुला माहीत आहे. हंडा आदळला आणि त्याला आपल्या बोलीत म्हणालो, "काऊन बे, कवा जाणार तू? घर आहे का धर्मशाळा?"

त्यानं हात जोडून हसत "नमस्ते" केलं.

ती मात्र राखेच्या हातांनी बाहेर आली. "पाहुण्याले असं इचारते का कोणी?" म्हणाली.

शब्द तुझे होते, माय. चिखलीचा तो धान्याचा दलाल पावसात अडकून आपल्याकडे राहिला होता. तू माझ्या वाट्याची भाकर त्याच्या ताटात वाढलीस, म्हणून मी त्याला विचारलं, तुम्ही कवा जाणार? तू मला चुलीमागं ओढलंस, कान पिळलास आणि हेच बोललीस. मग आपली भाकर मला दिलीस नि स्वतः तांब्याभर पाणी पिऊन निजलीस. ही गोष्ट मीच तिला सांगितली होती, ती एका आगाऊ पाहुण्याला कंटाळली होती तेव्हा. आता ती गोष्ट माझ्यावरच उलटली.

मग हात पुसत ती शांतपणे म्हणाली, "तो चालला परवा. मी पण." दोन वर्षं पुरी व्हायला अजून वेळ आहे, पण ती थांबणार नाही. दुपारच्या गाडीनं मलकापूर, तिथून रेल्वे. "सामान उचलायला येशील ना? तू आहेस म्हणून मला काळजी नाही."

मी हो म्हणालो. हो कसं म्हणालो, माय? तिच्या घरमालकीण काकू अंगणात तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "बरं झालं पोरा. आता तरी कॉलेजात जाय वापस."

ती दुपार आजची. विहिरीकडे पाहिलं की पाहतच राहतो, मग स्वतःचाच राग येतो. तुला वाचता येत नव्हतं, आणि तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुलाच लिहितो आहे, कारण दुसऱ्या कोणाजवळ हे बोललो तर तो हसेल आणि मी त्याचं डोकं फोडीन.

गाडी लागायच्या आत तिला सांगणार आहे. नको जाऊ म्हणणार आहे. पण एक तुलाच सांगतो. ती नाही म्हणेल याचं मला भेव नाही. ती माझ्या पाठीवर हात ठेवून "तू किती चांगला आहेस" म्हणेल, आणि मी खाली वाकून तिची वळकटी उचलीन, याचं भेव वाटते.

कागद खाटेखाली सारतो. चपला घातल्या आहेत. निघतो, दार लावून घेतो.