टक् झाल्यावरचं गाणं

२ फेब्रुवारी, रविवार

आला! पप्पांचा अल्बम. प्रसेनजितनं पुण्याहून पाठवला. मूळ टेपवरून नव्यानं काढलाय म्हणे, हाय रिझोल्यूशन. "ताई, गायकाचा श्वाससुद्धा ऐकू येतो!" सोबत हेडफोन. भावाला वाटतं, भारी वस्तू पाठवली की बहिणीचं रडं थांबतं.

लावला नाही अजून.

३ फेब्रुवारी, सोमवार

धाराशिवहून परतताना बसमध्ये जागा मिळाली. तरी लावला नाही. खरं सांगायचं तर भीती वाटते.

पप्पा औरंगाबादला हॉस्टेलवर होते तेव्हा कुणाच्या तरी रेकॉर्डवरून कॅसेटवर भरून घेतलेला तो अल्बम. अमेरिकेतल्या काळ्या माणसांचा बँड. गिटार पाण्यात बुडवून वाजवल्यासारखी, आवाज मध्येच एका कानातून दुसऱ्या कानात! पप्पा म्हणायचे, "आपलीच माणसं गं ही श्रावस्ती, लांब जन्मली एवढंच." चुलीपुढून आई — "माणसं हायेत व्हय? मला वाटलं टेप बिघडला."

कॅसेटच्या एका बाजूला तीसच मिनिटं मावायची. शेवटचं गाणं ऐन रंगात आलं की टक्! बटण वर. मग पुढचं पप्पा स्वतः म्हणायचे. शब्द नाहीत, नुसतं हं-हं-ला-ला, गुडघ्यावर ठेका. दर वेळी तेच, एक सूर इकडचा तिकडं नाही. मी विचारायचे, खरंच असंच आहे पुढं? "मग! रेकॉर्डवर ऐकलंय की म्या."

त्यांना जाऊन दहा महिने झाले, आणि ती चाल मला आठवत नाही. सुरुवात येते, मग कुठलं तरी दुसरंच गाणं घुसतं. फोनमध्ये त्यांचे चार व्हिडिओ आहेत. एकातही गात नाहीत.

आता ती चाल असली तर ह्या अल्बममध्येच. आणि नसली तर?

५ फेब्रुवारी, बुधवार

आज पण नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

लावला एकदाचा.

काय आवाज! ड्रमवाला काठी उचलतो तेही कळतं. मागं कुणीतरी हसतंय — इतक्या वर्षांत ते हसणं कधी ऐकू आलं नव्हतं. पप्पा असते तर नाचले असते.

शेवटचं गाणं. टक् व्हायच्या जागेला मी डोळे गच्च मिटले. टक् झालं नाही. गाणं पुढं गेलं, बायकांचा कोरस आला, चांगली चार मिनिटं चाललं. छानच आहे. पण पप्पांचं नाही! त्यातला एक तुकडासुद्धा नाही.

रेकॉर्डवर ऐकलंय म्हणे! खोटारडे पप्पा! तीनदा ऐकलं, मग हेडफोन पलंगावर फेकून दिले.

१० फेब्रुवारी, सोमवार

प्रसेनजितला फोन केला. तुला तरी आठवतं का पप्पा काय म्हणायचे? "ताई, मला टक् तेवढं आठवतं." ऑफिसात विचारलं, डोळे का सुजलेत. ॲलर्जी, मी म्हणाले.

माणूस एकदा गेलं ते गेलं. आता हेही गेलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

आई ज्वारी निवडत बसली होती. "आठ दिस झालं, तोंड का पाडून बसलीस?" सांगितलं सगळं. हसायलाच लागली!

"ते कसलं गं इंग्रजी! माझ्या आईचा पाळणा हाय तो, आमच्या ईट गावचा. टेप टक् झाला की तू भोकाड पसरायचीस. मग ह्यास्नी मीच शिकवला."

"मग म्हण ना आई!"

सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात ठेवला.

"असं कसं म्हणू? आधी टक् कर."

केलं.